वाकळ घेऊन मॉनिटर बघायला

परवा मॉनिटर घ्यायला दुकानात गेले, तर विक्रीवरचा पोरगा माझ्या काखेतलं गोधडीचं गाठोडं बघून म्हणाला, "ताई, एसी कमी करू का?"

गाठोड्यात वाकळ होती. गोधडीला बीडकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकाला एक जोडून शिवलेली. ती मी त्याच्या काउंटरवर पसरली आणि म्हटलं, "हा हिरवा, हा डाळिंबी आणि हा मातकट. हे तिन्ही ज्या स्क्रीनवर सापडतील ती मी घेणार." पोरगा हसला. मग हसायचं थांबला आणि आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाने वाकळीवरून हात फिरवला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी नाव सांगितलं. पण नावाने त्याला काय कळणार? महालिंगअप्पा कोण, हे सांगायचं तर बसून सांगावं लागतं. म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं. नवरा जेसीबी चालवतो, त्यामुळे जिथे खोदकाम तिथे आमचं बिऱ्हाड. असंच एकदा बीड जिल्ह्यात नांदूरघाटला येऊन पडलो. नवरा सकाळी गेला की मी दाराला कडी लावून बसायची. भाजीवालीशी बोलायचीही भीती, कारण माझं बोलणं ऐकून बाया हसायच्या. एक दिवस शेजारीण पोराला म्हणाली, "कावून रडतो रे?" तेवढा शब्द माझ्या ओळखीचा निघाला. 'का'ला आमच्याकडे 'काऊन' म्हणतात. मला वाटलं, एक शब्द आपला आहे, म्हणजे राहता येईल.

अप्पांचं दुकान आमच्या खोलीसमोर होतं. पुढे मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब. फोटो, लग्नपत्रिका, फ्लेक्स, सगळं. 'कॉम्प्युटरवर बसायला माणूस पाहिजे' अशी पाटी होती. मी चार दिवस ती पाटी खिडकीतून वाचली. पाचव्या दिवशी नवऱ्यानेच ढकलत नेलं.

अप्पा उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग. शिक्षण विचारलंच नाही. शिवणकामाची रिळं भरलेला एक डबा माझ्यापुढे उपडा केला. सगळी रिळं तांबडी.

"फिक्यापासून गडदापर्यंत लाव."

मी लावली. अप्पांनी वाकून बघितलं, दोन रिळांची अदलाबदल केली, परत बघितलं आणि पुन्हा मी लावली होती तशी ठेवली.

"डोळा बरा हाय. बाकीचं शिकिवता येतं. उद्यापासून ये, माय."

त्यांच्या वडिलांचं लुगड्यांचं दुकान होतं. अप्पा कापडाच्या थानांवर झोपून मोठे झालेले. त्यामुळे नुसता 'लाल' हा शब्द त्यांना चालतच नसे. कुणी म्हणालं, पत्रिका लाल करा, की अप्पा विचारणार, "कसला लाल? पिकल्या मिरचीचा, वाळल्या मिरचीचा, का भाजल्या मिरचीचा?" गिऱ्हाईक वैतागायचं. मग अप्पा डबा उघडून रीळ पुढे करायचे. "रंग सांगायचा नसतो बाबा, दाखवायचा असतो."

लाल-पिवळा शर्ट घालून कुणी कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही, हा दुसरा नियम. शर्टाचा उजेड स्क्रीनवर पडतो म्हणे. त्यासाठी खुंटीवर एक राखी शाल कायम लटकलेली. येणाऱ्याला ती पांघरवून बसवायचे. भर उन्हाळ्यात एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले. सगळ्यांत पुढचा शाल पांघरून घाम पुसत म्हणाला, "अप्पा, साहेबाला जरा गोरं करा की."

"किती गोरं?"

"लई."

"करतो. पन मग खाली नाव मोठं टाकावं लागंल. लोक इचारतील, हा कोन बे?"

साहेब होते तसेच छापले गेले.

रोज सकाळी पूजा झाली की अप्पा बोटावरचं उरलेलं भस्म मॉनिटरच्या कडेला लावायचे. मला वाटलं यंत्राची पूजा असेल, आमच्याकडे सुद्धा करतात. मी हात जोडले. अप्पा खो खो हसले.

"पूजा न्हाई माय, मोजमाप हाय. राखंत कुठलाच रंग नसतो. स्क्रीनवरचा राखी तिच्यासारखा दिसला, तर स्क्रीन शहाणी. पिवळा दिसला तर पिवळी पडली, निळा दिसला तर निळी." मग म्हणाले, "अन् थोडी पूजा बी हायच."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. गिऱ्हाइकाशी वाद झाला की म्हणायचे, "डोळा लई लबाड हाय. डोळ्यावर इस्वास ठिवू नका." हे सगळ्यांच्या डोळ्यांना लागू होतं. त्यांचा स्वतःचा सोडून.

तेव्हा त्यांची एक तक्रार मी रोज ऐकायची. अंगणातल्या वेलाची गोकर्णाची फुलं ते शंकराला वाहायचे आणि दुकानात येऊन म्हणायचे, "आजकाल गोकर्णाला रंगच न्हाई राह्यला. खतं, दुसरं काय." मला ती फुलं चांगली निळीशार दिसायची. पण मला वाटे, यांनी पूर्वीची पाहिली असतील, ती याहून निळी असतील.

अशात गयाबाई आल्या. माहेर नांदूरघाटचं, दिलेल्या तेलगावला. पदराआडून एक फोटो काढला. कधीकाळचा कुठल्याशा कार्यक्रमाचा, काळा-पांढरा, पंधरावीस बाया ओळीत. कडेच्या एका बाईवर बोट ठेवलं.

"ही माझी माय. वैशाखात लेकीचं लगीन हाय. आजी भिंतीवर पाहिजे. रंगात."

अप्पांनी भिंग लावलं. "लुगडं कोणतं होतं?"

गयाबाईंनी पिशवीतून वाकळ काढली. मधोमध एक हिरवा तुकडा होता. धुवून धुवून मऊ झालेला, पण रंग धरून. कडुलिंबाचा पाला जून झाला की असतो ना, तसा हिरवा.

"हे तिचं. हीच वाकळ घिऊन निजते मी अजून."

"अन् तोंड? रंगानं कशी होती?"

गयाबाईंनी फोटो पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, "तोंड आठवत न्हाई वो अप्पा. मी लई बारकी होते ती गेली तवा. लुगडं तेवढं आठवतं. ती लिंबाखाली उभी राह्यली की मला दिसायचीच न्हाई. मी रडायची. मग ती हासायची. हासली की दिसायची."

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. "लुगडं चुकलं तर पैसा घेनार न्हाई. अन् बरोबर येईस्तोवर तुमचं काम सोडनार बी न्हाई. वाकळ ठिवून जा."

"ठिवून?" गयाबाईंनी वाकळ छातीशी धरली. बऱ्याच वेळाने दिली. जाताना मला म्हणाल्या, "उनात टाकू नको बाई."

पहिला फोटो अप्पांनी स्वतः रंगवला. तुकडा स्क्रीनशेजारी धरायचे, रंग लावायचे, पुन्हा धरायचे. माझ्या मनात आलं, निळसर होतंय. पण अप्पांना मी काय सांगणार?

गयाबाई आल्या. फोटो हातात घेतला आणि बाहेर गेल्या. लिंबाची खाली आलेली फांदी ओढून पाल्यावर फोटो धरला. लांबून बघितलं, जवळून बघितलं. आत येऊन फोटो टेबलावर ठेवला.

"दिसती की वो."

फोटोतलं लुगडं मोरपंखी झालं होतं. पाल्यावर ठळक उठून दिसत होतं.

अप्पांनी सगळा दोष मॉनिटरला दिला. तो होताही तसा. उठून बघितलं की चेहरा काळा, बसून बघितलं की पांढरा. बटणं मेलेली. "म्हातारा झाला बे तू," अप्पा त्याला म्हणाले, "राखंपुढं पिवळा दिसतोस."

मग आम्ही बीडला गेलो. अप्पा, मी, वाकळ आणि कागदाच्या पुडीत भस्म. दुकानात रुखसार नावाची मुलगी होती. अप्पांनी वाकळ पसरली, प्रत्येक मॉनिटरच्या कडेला भस्माचं बोट लावलं. शेवटच्या मॉनिटरपाशी कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"बेटा, तुज्याकडचे समदेच पिवळे कावून?"

रुखसार हसली नाही. म्हणाली, "अप्पा, समदे पिवळे नसतात. एक काम करू." तिने ड्रॉवरमधून एक काळी डबी काढली, वायर लावली आणि स्क्रीनवर टांगली. डबीखाली एकामागून एक रंग येऊन गेले. "ही मोजते. हा मॉनिटर एकदम सरळ आहे. छपाईचे रंग ह्यात जवळपास सगळे बसतात, आणि बाजूने बघितलं तरी बदलत नाहीत."

"ह्या डबीला डोळा हाय का?"

"डोळा आहे अप्पा. मत नाही."

अप्पा इतके खूष झाले की तो मॉनिटर तिथेच पक्का केला. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "डोळा हाय, मत न्हाई! काय पोरगी हाय!"

मग निघाली ग्राफिक कार्डाची, म्हणजे कॉम्प्युटरमधून स्क्रीनला चित्र पाठवणाऱ्या पट्टीची गोष्ट. आमच्या जुन्या कार्डाला ह्या मॉनिटरची केबल बसेल असं तोंडच नव्हतं. अप्पांचं मन एका भल्यामोठ्या कार्डावर गेलं. तीन पंखे, आत रंगीत दिवे.

"हे बसिवलं की काम पळत सुटंल."

"पळेल," रुखसार म्हणाली, "पण हे खेळ खेळणाऱ्यांचं आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावणार नाही, आणि तुमची पॉवर सप्लाय ह्याला पोसणार नाही. तुम्हाला चित्र पळवायचंय का रंग दाखवायचाय?"

"रंग."

"मग हे बारकं घ्या. फक्त तोंड हे पाहिजे, आणि रंगाच्या बारीक पायऱ्या पूर्ण पाठवणारं पाहिजे."

अप्पा रंगीत दिव्यांकडे शेवटचं बघून घेत म्हणाले, "व्हय. जू जुळलं पाहिजे. खिलारी बैल घेऊन त्याला मोडकं जू काय कामाचं?"

घरी येऊन सगळं जोडलं आणि पंचाईत झाली. काळा रंग काळाच दिसेना. राखेसारखा भुरका. अप्पा टेबलाभोवती फिरले, केबल काढली, फुंकर मारून लावली, मॉनिटरला दोन शिव्या दिल्या. शेवटी रुखसारला फोन लावला. तिने फोनवर मला स्क्रीनवर कार्डाच्या सेटिंगची एक खिडकी उघडायला लावली. कार्डाला वाटत होतं आपल्याला टीव्ही जोडलाय, म्हणून ते काळ्या-पांढऱ्याची दोन्ही टोकं छाटून पाठवत होतं. एक खूण बदलली आणि काळा विहिरीसारखा खोल झाला.

"म्हंजी बैलाला समोर वैरण असून हा गडी अर्धीच टाकत होता!" अप्पा फोनवर ओरडले. पलीकडे रुखसार हसत होती.

दुसरा फोटो झाला. गयाबाई आल्या. लिंबाखाली गेल्या. आम्ही दारातून बघत होतो.

"दिसती," त्या तिथूनच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "लगीन जवळ आलं अप्पा. ऱ्हाऊ द्या. हाय तसा काळा-पांढराच लावते."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "थांबा थोडं."

त्या दिवसापासून त्यांनी चूक हुडकायला घेतली, हरवलेलं जनावर हुडकावं तशी. पहिल्यांदा संशय गेला दुकानापुढच्या हिरव्या जाळीवर. उन्हाळ्यात सावलीसाठी शेतातली शेडनेट त्यांनीच बांधली होती. "हिरव्या उजेडात बसून हिरवा रंग कसा कळंल बे? मीच येडा!" जाळी काढली. आम्ही दोघं उन्हाने भाजून निघालो. पण अप्पांनी लावलेला हिरवा निळाच येत राहिला. मग छपाईचा कागद बदलला. मग ट्यूबलाइट. मग पुन्हा कडेला भस्म लावलं आणि म्हणाले, "नवा कोरा मॉनिटर, डबीनं पास केलेला, तरी राखंपुढं पिवळा. बग की माय. तुला काय दिसतं?"

असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं.

परक्या मुलखात या माणसाने मला खुर्ची दिली होती. ती जाईल असं वाटलं. पण डोळ्यांसमोर गयाबाई लिंबाची फांदी धरून उभ्या होत्या.

"अप्पा, मला राख आणि स्क्रीन सारखीच दिसते. आणि लुगडं... लुगडं निळं दिसतं. पहिल्यापासून."

अप्पा उठले. खुंटीवरची राखी शाल काढली, झटकली, परत लावली. मला वाटलं, गेलं काम.

मग ते बाहेर गेले आणि चहावाल्याला बोलावून आणलं. "ए, हिकडं ये बे. ही शाल घे. हा तुकडा बग अन् ही पट्टी सरकवून स्क्रीनवर तसलाच रंग आण." चहावाल्याने आणला. मग किराणावाल्याची सून आली. मग माझा नवरा जेवायला आला होता, त्याला शाल पांघरली. मग मी. प्रत्येकाचा हिरवा अप्पांनी स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवायला लावला. शेवटी स्वतः बसले आणि स्वतःचा ठेवला.

"आता सांगा. येगळा कोन्ता?"

चहावाला पायाने माती उकरत होता.

"आरं सांग की बे. काय फाशी हाय का?"

"शेवटचा, अप्पा," चहावाला म्हणाला. "तो निळा हाय."

"तो माजा हाय." अप्पा मागे टेकले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. पण बघितलं तर तिथे दुःख नव्हतं. नवीन यंत्राचं खोकं उघडताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. "म्हंजी मॉनिटर बरोबर. कार्ड बरोबर. जाळी गरीब उगीच उतरिवली." त्यांनी चष्मा काढून दोन्ही डोळे चोळले. "अन् गोकर्ण बी बरोबर. खताला शिव्या घातल्या म्या. पिवळा मीच पडलोय."

मग ते खुर्चीवरून उठले. "बस माय. लुगडं तू लाव."

"अप्पा, मी?"

"डबीचं काय म्हनली ती पोरगी? डोळा हाय, मत न्हाई. तुला डोळा हाय. मत मी देतो."

ते स्क्रीनकडे पाठ करून बसले. वाकळ मांडीवर घेतली. मी रंग लावत होते आणि ते विचारत होते. बघत नव्हते, नुसतं विचारत होते. "घडीच्या आत गडद केलास का? पदराच्या कडंला ऊन पडलंय, तिथं पिवळा येतो, पाल्याला येतो तसा. धुतलेलं लुगडं हाय, नवं करू नको. खांद्यावर जरा इटलेलं पाहिजे, डोक्यावर घागर वाहनारी बाई हाय ती." मी म्हणायची, झालं. ते म्हणायचे, अजून बग. मला आजवर कुणी इतकं बारीक बघायला सांगितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

गयाबाई तिसऱ्यांदा आल्या. यावेळी अप्पा त्यांच्याबरोबर लिंबाखाली गेले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. गयाबाईंनी फांदी ओढली, फोटो पाल्यावर ठेवला आणि मागे मागे सरकत गेल्या. फोटो फांदीला अडकून राहिला. वाऱ्याने पाला हलला, तसा तोही हलला.

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"न्हाई दिसत वो अप्पा," त्या म्हणाल्या. "गेली पाल्यात. तोंड तेवढं दिसतंय."

अप्पा डोळे बारीक करून फांदीकडे बघत होते. मग हळूच माझ्याजवळ आले आणि कानाशी विचारलं, "खरंच न्हाई दिसत का गं?"

"खरंच नाही दिसत, अप्पा."

त्यांनी मान हलवली आणि वाकळीची नीट घडी घालून गयाबाईंच्या हातात दिली. लग्नात तो फोटो भिंतीवर होता. मी गेले होते. आजीच्या फोटोला हार घालताना गयाबाईंनी तो लुगड्यावर न येईल असा वर बांधला होता.

लग्नानंतर अप्पांनी मोतीबिंदू काढून घेतला; त्याने डोळ्यातली काच पिवळी पडते आणि निळा रंग, त्यातही स्क्रीनच्या उजेडातला, अडकतो, असं डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याचाच. दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात काढायचा होता. त्याच दरम्यान आमचं खोदकाम संपलं आणि दुसरीकडचं काम आलं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला एक गाठोडं दिलं. त्यांच्या वडिलांच्या दुकानातली, विकली न गेलेली लुगडी फाडून अप्पांच्या मंडळींनी शिवलेली वाकळ. "मॉनिटर घेशील तवा संगं घिऊन जा," एवढंच म्हणाले. आशीर्वाद वगैरे काही नाही.

सकाळी टेम्पोत सामान भरलं. मी पुढे नवऱ्याशेजारी बसले. टेम्पो वळला तेव्हा अप्पा दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले. मला वाटलं हात करतील, म्हणून मी हात बाहेर काढला. पण त्यांचं लक्ष नव्हतं. एका हातात गोकर्णाचं फूल धरलं होतं. दुसऱ्या हाताने एक डोळा झाकला, फुलाकडे बघितलं. मग तो उघडला, दुसरा झाकला, पुन्हा बघितलं. मग पहिला. तोंड थोडं उघडं, लहान पोरासारखं.

नवरा हॉर्न वाजवणार होता. मी म्हटलं, नको.